चार वाजताची ओळ

निळं टोपण. बॉलपेनचं. एका टोकाला चावून चावून चपटं झालेलं, आणि त्या चपट्या जागेवर दाढेचा ठसा इतका स्पष्ट, की दाढ कुणाची हे ओळखायला पोलीस नको — या घरात पेन चावण्याइतकी ताकद एकाच तोंडात उरली होती, आणि ते तोंड मावशींचं होतं... सरांनी डाव्या मुठीत टोपण आणखी घट्ट आवळलं. पांघरुणाखाली. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मावशींनी ते गादीच्या कडेला ठेवलं, मान खाली घालून लिहायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात सरांच्या डाव्या हातानं ते लांबवलं. चौतीस वर्षं पोरांकडून रबरं, गोट्या आणि प्रेमपत्रं जप्त करण्यात घालवलेल्या माणसानं एकाहत्तराव्या वर्षी केलेली ही पहिली चोरी. ती पचली याचा आनंद इतका निर्लज्ज होता, की सरांना स्वतःचीच शंका आली — झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला असं डॉक्टर म्हणाले होते, पण थोडाफार चारित्र्यालाही आला असावा.

मावशी लिहीत होत्या. मावशी म्हणजे सरांना दिवसभर सांभाळायला येणारी बाई; वयानं सरांच्या मुलीएवढी, पण सगळं जग तिला मावशी म्हणे म्हणून सरही मनातल्या मनात मावशीच म्हणत. मोठ्यानं म्हणायची सोय राहिली नव्हती.

आणि ‘लिहीत होत्या’ हेही तितकंसं खरं नाही. त्या चित्र काढत होत्या. एजन्सीनं त्यांना नमुन्याचा एक कागद दिला होता, प्लास्टिकच्या पिशवीतला, आणि त्यावरची इंग्रजी वाक्यं त्या रोजच्या शीटवर उतरवून घेत — अक्षर न् अक्षर, भरतकामाची वेलबुट्टी उतरवावी तशी, जिभेचं टोक ओठाबाहेर काढून. आठ वाजताच्या ओळीत, पेशंट टेक्स टी. चहा घेतो. एक वाजताच्या ओळीत, जेवतो आणि विश्रांती घेतो. चार वाजताची ओळ सगळ्यांत लांब, तिच्यात मावशींना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागे — पेशंट डज नॉट स्पीक. पेशंट डज नॉट मूव्ह राइट हँड. बोलत नाही, उजवा हात हलवत नाही. सात वाजता पुन्हा जेवतो. साडेआठच्या आत सरांचा अख्खा दिवस, संध्याकाळच्या शेवटच्या घासासकट, निळ्या शाईत उरकलेला असे. पुढचे साडेअकरा तास सरांनी फक्त त्या कागदाबरहुकूम वागायचं.

यात मावशींना तरी काय म्हणायचं? पहिले काही आठवडे त्यांनी इमानेइतबारे त्या त्या वेळी ती ती ओळ भरली होती. पण पेशंट नेमानं कागदासारखाच वागतो असं दिसल्यावर कोण शहाणा माणूस दिवसातून पाच वेळा पेन उघडेल? सरांचा संताप वेगळाच होता. त्या कागदावर चूक नव्हती. तीन महिने झाले, त्यांनी रोज मावशींच्या कोपरावरून तिरक्या नजरेनं तो तपासला होता — प्रत्येक क्रियापदाला एस लावलेला, नकाराला डज नॉट, पूर्णविराम जिथल्या तिथं. एखादं गाढव टेक्सच्या जागी टेकिंग लिहून गेलं असतं तर निदान चिडायला जागा मिळाली असती. दहापैकी दहा. साध्या वर्तमानकाळाचा इतका स्वच्छ पेपर सरांना आयुष्यात एका विद्यार्थ्यानं दिला नव्हता, आणि आता मिळाला तर त्यातला कर्ता ते स्वतः होते.

साधा वर्तमानकाळ म्हणजे काय, मुलांनो? जे नेहमी असतं ते. सूर्य पूर्वेला उगवतो. गाय गवत खाते. पाणी उताराकडे वाहतं... पेशंट उजवा हात हलवत नाही. — आणि चालू वर्तमानकाळ? तो नुसता सांगून समजत नाही, तो करून दाखवावा लागतो. सर वर्गाच्या दाराकडे चालत जात. हात कडीवर ठेवत. “व्हॉट ॲम आय डूइंग?” आणि छप्पन्न गळे एकदम, शेजारच्या वर्गातल्या गणितावर पाणी फिरवत — “यू आर ओपनिंग द डोअर!” आत्ता. या क्षणी. डोळ्यांदेखत. दार करकरत उघडे, सर विजयी मुद्रेनं वळत. पोरं मागे त्यांना ‘आयएनजी’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आवडतही होतं, पण आवडतं हे कळू न देणं हा नोकरीचाच भाग होता. चौतीस वर्षं. बिजागरी दोनदा बदलावी लागली. चौतीस वर्षं तेच दार, त्याच तासाला, तेच वाक्य म्हणत उघडणारा माणूस ‘आत्ता’ काही करत होता की ‘नेहमीचं’, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. बायको एकदा म्हणाली होती, “घरी येताना निदान फळा तरी पुसून येत जा हो.” सरांना वाटलं, ती खडूच्या धुळीबद्दल बोलते आहे.

“टोपण कुठं गेलं बाई माझं?” मावशींनी गादी चाचपली, पलंगाखाली वाकून पाहिलं, स्वतःच्या केसांत हात घातला. “सर, तुम्ही पाहिलंत?”

सरांनी पाहिलं नाही अशी मान हलवली. दुसरा गुन्हा.

बोलण्याचं असं होतं, की आतमध्ये सगळं जागेवर होतं. वाक्यं, पोटवाक्यं, म्हणी, मुख्याध्यापकांवरचे न केलेले विनोद — सगळं कपाटात घडी घालून ठेवल्यासारखं. पण दारापर्यंत आणलं की एकच वस्तू बाहेर पडे. झटक्यानंतर चौथ्या दिवशी सरांनी पाणी मागितलं तेव्हा तोंडातून स्पष्ट, खणखणीत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं निघालं — “सिट डाउन.” पाणी हवंय, सिट डाउन. पाठ दुखतेय, सिट डाउन. असं होतं, डॉक्टर म्हणाले. जिभेला जे सगळ्यांत जास्त सवयीचं तेच मागं उरतं. आयुष्यभरात शेक्सपिअरपासून शिव्यांपर्यंत जे जे तोंडातून गेलं त्यातून उरलं काय, तर हे. लिहून दाखवावं म्हणून डाव्या हातात पाटी दिली. सरांनी मन लावून चांगलं लांब वाक्य लिहिलं, वर तारीखही घातली. पाहिलं तर पाटीवरून कोंबडी चालत गेली होती.

तर आजचा बेत असा होता.

मुलगी दूर होती, नोकरी होती, संसार होता, आणि रोज सहा वाजता मावशी शीटचा जो फोटो पाठवत त्यावरून ती बाबांना ओळखत होती. परवा तिनं फोनवर सांगितलं — फोन स्पीकरवर ठेवलेला, तिचा आवाज उशीवर — “बाबा, तीन महिने झाले, काही फरकच नाही. व्यायामवाल्यांना उगीच बोलवत राहण्यात अर्थ नाही, म्हणूनच तीन आठवड्यांपूर्वी मी त्यांना थांबवलं. एक चांगली जागा पाहिलीय. बाग आहे. चोवीस तास माणसं आहेत...” बाग. सरांना बागेचं काही वावडं नव्हतं. पण व्यायामवाले गेल्यावर कुणाला न सांगता पांघरुणाखाली सरांनी स्वतःची शाळा सुरू केली होती, एक शिक्षक, एक विद्यार्थी. विद्यार्थी म्हणजे उजव्या हाताचा अंगठा. ऊठ. नाही. ऊठ. नाही. पंधरा दिवस तो ढ विद्यार्थी मख्खासारखा पडून होता, आणि चार दिवसांपूर्वी दुपारी, खिडकीतलं ऊन हातावर आलं असताना, हलला. खरंच हलला. नखाएवढा. मग दहा वेळा सांगितल्यावर एकदा. काल आठ वेळांमागे एकदा. आणि हे जगात एकाही माणसानं पाहिलेलं नव्हतं, कारण तो पांघरुणाखाली होता आणि कागदावर तो हलत नव्हता.

म्हणून टोपण.

दुपारी ऊन आलं. मावशी खुर्चीत बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. सरांनी डाव्या हातानं पांघरूण सारलं, टोपण उजव्या तळव्याच्या कडेशी, अंगठ्याला लागून ठेवलं, आणि... ऊठ. ऊठ बाळा. मी तुला कोंबडा करणार नाही, ऊठ. कपाळावर घाम आला. टोपण गडगडलं, फरशीवर टिक्‌ असा आवाज झाला.

“अगो बाई, इथं होतं होय!” मावशींनी उचललं, पेनाला लावलं, आणि पुन्हा चादर हातात घेतली.

“सिट डाउन!” सर ओरडले.

“बसलेच आहे की, सर.”

डाव्या हातानं त्यांनी पेनाकडे बोट केलं, तळवा पसरून मागितलं, मावशींनी समजूत घातल्यासारखं टोपण काढून दिलं — घ्या, खेळा — आणि दुसऱ्यांदा ते पडलं तेव्हाही “धरा नीट” एवढंच म्हणून परत ठेवलं. तिसऱ्या वेळी मात्र चादरीचं टोक हनुवटीखाली धरलेल्या मावशींची नजर सहज तिथं होती. टोपण सरकलं. त्यामागं अंगठा होता. चादर मावशींच्या हनुवटीखालून सुटली.

“सर! अहो सर, हलला!” त्या गुडघ्यांवर आल्या, अंगठ्याशी तोंड नेऊन, जणू त्यालाच विचारताहेत, “तू हललास?” मग सरांकडे पाहून हसल्या आणि तशाच रडल्या, आणि सरांना — सरांना तो छप्पन्न गळ्यांचा आवाज ऐकू आला. व्हॉट ॲम आय डूइंग? सांगा. कुणीतरी सांगा. मी हात हलवतो आहे. आत्ता. डोळ्यांदेखत. लिही बाई, लिही!

“सिट डाउन,” ते म्हणाले.

मावशींनी मोबाइल काढला, समोर धरला. “परत हलवा, सर. ताईंना पाठवू.” आणि अंगठा झोपला. तपासनीस वर्गात आले की पाठ असलेल्या पोराची वाचा बसावी तसा. सरांनी त्याला विनवलं, शिव्या दिल्या, मोबाइलच्या त्या काळ्या ठिपक्याकडे न बघता बघितलं... ऊन हातावरून उशीवर गेलं. मावशींचा हात अवघडला, त्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि मग त्यांना शीट आठवली.

शीट हातात घेऊन त्यांनी एकेका ओळीवरून बोट खाली आणलं. चार वाजताची ओळ. घड्याळात पावणेचार.

“आता हो काय करू?” त्या स्वतःशीच म्हणाल्यासारखं सरांना म्हणाल्या. “यात खाडाखोड चालत नाही. नंबर असतो प्रत्येक कागदाला. आणि...” त्यांनी प्लास्टिकमधला नमुना उलटून पाहिला, मागं काही आहे का, मागं कोरं होतं. “आणि ‘हलला’ हे यांच्यात लिहितात कसं? यात ते नाहीच. आपल्या भाषेत लिहिलं तर ऑफिसवाले परत पाठवतात. सर, तुम्हाला येतं ना? तुम्ही तर इंग्लिशचे.”

येतं. मला येतं! पाच शब्द. त्यातले तीन तर तुझ्यासमोर लिहिलेलेच आहेत, बाकीचे दोन, इज मूव्हिंग... ज्या वाक्यासाठी मी बिजागऱ्या झिजवल्या, जे छप्पन्न गुणिले चौतीस मुलांना आलं, दूधवाल्याच्या मुलाला आलं, शाळा सोडून गेलेल्यांना आलं, ते वाक्य या खोलीत एकालाच येतं आणि पेन दुसरीच्या हातात आहे. सरांनी तोंड उघडलं. मावशी पेन सरसावून वाट पाहत होत्या, पहिल्या बाकावरच्या शहाण्या मुलीसारख्या.

सरांनी तोंड मिटलं. कारण काय येणार हे त्यांना ठाऊक होतं.

...खाडाखोड चालत नाही. हे वाक्य आपलं आहे. कधी म्हटलं होतं? — स्टाफरूमचं दार, कपडे शिवणारी एक बाई, बोटांना सुयांच्या टोचण्या, हातात मुलीचं प्रगतिपुस्तक. सरांचे शेरे म्हणजे पाच ठरलेली वाक्यं. रविवारी सकाळी चहाच्या दोन कपांत एकशे बारा पुस्तकं होत, गेल्या सहामाहीचं पाहून. तिच्या पुस्तकात होतं — वर्गात बोलत नाही. “आता बोलते हो सर,” बाई म्हणाली होती. “घरी आरशासमोर उभी राहून इंग्लिश बोलते. गेल्या मंगळवारी तुमच्या तासाला हात वर केला होता म्हणाली. बराच वेळ. तुम्ही पाहिलं नाही.” आणि मी... मी हसलो होतो, वाईट नाही, समजूतदारच. बाई, प्रगतिपुस्तकात खाडाखोड चालत नाही. पुढच्या सहामाहीत बघू. मंगळवारी मी काय करत होतो? फळ्याकडे तोंड होतं. फळ्यावर लिहीत लिहीतच विचारत होतो, व्हॉट ॲम आय डूइंग? आणि पाठीमागं... पुढच्या सहामाहीत काय लिहिलं ते आठवत नाही. आठवत नाही म्हणजे तेच लिहिलं असणार. त्या मुलीचा चेहराही येत नाही डोळ्यांपुढं, नुसता वर केलेला हात येतो, आणि तोही मी पाहिलेला नाही.

सहा वाजले. मावशींनी सात वाजताची ओळ मागं दुमडून शीटचा फोटो काढला. सरांकडे न बघता म्हणाल्या, “न पाठवून कसं चालेल? सहा वाजून पाचला ऑफिसचा फोन येतो, आणि तो काही गोड नसतो.” कागद गेला.

साडेसहाला मुलीचा फोन. मावशींनी स्पीकर लावला, पदर सारखा केला, जणू ती बघते आहे.

“ताई, आज ना... सरांचा अंगठा हलला.”

“काय? कधी?”

“दुपारी. चारच्या सुमाराला. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी.”

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज.

“मावशी, शीट माझ्यासमोर आहे. चार वाजता, तुमच्याच अक्षरात — उजवा हात हलवत नाही. मग हे काय आहे?”

मावशींनी सरांकडे पाहिलं. ती नजर सरांना पाठ होती. वही घरी राहिली म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाची ती नजर. सकाळीच भरते म्हणावं, तर उद्यापासून मावशी नाहीत. न म्हणावं, तर उद्यापासून सर नाहीत. सोप्पं होतं. सरांनीही तेच उत्तर दिलं असतं.

“...भास झाला असेल, ताई. ऊन होतं.”

“असू दे.” मुलगी रागावली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं. “तुमच्या आधी आठवडाभर होत्या त्या बाईपण अशाच. ‘बोलायला लागले’ म्हणून फोन केला. मी रजा टाकून धावत आले, दारातच बाबा म्हणाले, सिट डाउन. बसले. तीन दिवस बसले मी, मावशी. आता परत तशी आशा करायला माझ्यात जोर नाही... त्या बागेच्या जागेवाल्यांनी खोली उद्या संध्याकाळपर्यंत धरून ठेवलीय. उद्याची शीट बघते आणि त्यांना हो सांगून टाकते. बाबांना देता?”

मोबाइल उशीवर आला.

“बाबा? कसे आहात?”

सरांनी सगळं जमवलं. कर्ता, क्रियापद, सगळं. तिचं लहानपणीचं नाव. बस, एक शब्द, निदान ते नाव —

“सिट डाउन.”

“हो बाबा,” ती म्हणाली. “बसलेच आहे.”

सात वाजता सर जेवले. कागदात होतं त्याप्रमाणं.

आठला रात्रीची बाई येते — ती सांभाळायला नव्हे, झोपायला येते — तिच्या आधी मावशींनी भांडी आवरली, चादर खोचली, आणि एरवी पिशवी उचलतात ती उचलली नाही. खुर्ची ओढून बसल्या. उद्याच्या नंबरची शीट काढली, प्लास्टिकमधला नमुना काढला.

“सकाळी घाई होते,” त्या म्हणाल्या. सरांनी काही विचारलं नव्हतं.

जिभेचं टोक बाहेर आलं. चहा घेतो. व्यायाम... हा शब्द त्यांनी गेल्या तीन आठवड्यांपासून लिहिणं सोडलं होतं. जेवतो, विश्रांती घेतो. सर तिरक्या नजरेनं बघत होते, राग पोटात तयार, चांगला उकळता, चार वाजताच्या ओळीची वाट बघत. दिवसभरात हीच एक गोष्ट त्यांच्या हातातली होती. पेन त्या ओळीशी आलं. थांबलं. टोपण मावशींच्या दाढेखाली गेलं, एकदा चावलं गेलं. मग पेन उचललं, एक ओळ सोडून खाली टेकलं — सात वाजता, जेवतो.

मावशींनी कागद सरांच्या डोळ्यांसमोर धरला. मध्ये बोटभर रुंदीची पांढरी पट्टी.

“ही मी भरली नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “वाक्य मी शोधते. माझी भाची शिकते इंग्लिश, तिच्याकडून आणते लिहून. तुम्ही फक्त... तुम्ही उद्या तेवढं हलवा हं सर. मी बघत बसते. सकाळपासून बघत बसते.”

त्या गेल्या. कागद टेबलावर, पाण्याच्या तांब्याखाली, वाऱ्यानं एक कोपरा वरखाली होणारा.

सरांना राग शोधूनही सापडेना. तो असताना किती बरं होतं... चूक मावशींची होती, कागदाची होती, मुलीची थोडी. हलवत नाही असं लिहिलेलं होतं आणि ते धडधडीत खोटं होतं, आणि खोट्याला टेकून माणूस आरामात खरा राहू शकतो. आता तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. चौतीस वर्षं कोऱ्या जागेला त्यांनी लाल शाईचं शून्य दिलं. ती जागा पोराला आतून कशी दिसत असेल, पेपर समोर, घड्याळ भिंतीवर, आणि सर येरझाऱ्या घालताहेत, बघताहेत, सकाळपासून बघत बसणार आहेत... आठ वेळांमागे एकदा. कुणी पाहत नसताना. ऊन असलं तर.

पांघरुणाखाली उजवा हात होता. तिथंच होता. आत्ता करून बघता आलं असतं. खोलीत कुणी नव्हतं, मोबाइल नव्हता, एकदाच, नुसतं ऊठ म्हणायचं. आणि नाही उठला तर? सरांनी ते वाक्य ओठांपर्यंत आणलं, आणि मग डावा हात नेऊन उजव्या अंगठ्यावर ठेवला. वर्गात हात वर करायला निघालेल्या शेजाऱ्याचा हात कुणी घाईघाईनं खाली दाबावा तसा — आणि तसाच दाबून धरून, टेबलावरच्या त्या वरखाली होणाऱ्या कोपऱ्याकडे बघत पडून राहिले.